मुंबईत न राहिलेली बॉम्बे आंटी

मरियमबी बेटकर मुंबईत राहिल्या त्या एकच दुपार, तीही विमानाची वाट बघत. तरी आखातातल्या अजमानमध्ये त्यांच्या इमारतीतले सगळे त्यांना ‘बॉम्बे आंटी’ म्हणतात. गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या तोंडावरचं, तिन्ही बाजूंनी पाणी. लग्न होऊन अजमानला आल्या, नवरा लवकर गेला आणि दुसऱ्यांच्या कॅफेटेरियात रांधून त्यांनी मुलाला मोठं केलं.

आता तोच मुलगा, अक्रम, आईसाठी कॅफेटेरिया काढत होता. परवान्यासाठी नाव उद्या द्यायचं होतं, आणि ते त्याने ठरवूनही टाकलं होतं : बॉम्बे कॅफेटेरिया.

“हयातभर दुसऱ्यांच्या पाटीखाली रांधलं,” मरियमबी भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाल्या. “ही पाटी तरी आपल्या नावाची लाव. बेटकर.”

“अम्मी, बेटकर कोणाला कळणार? बॉम्बे म्हटलं की गिऱ्हाईक आत. खलास.”

टेबलाशी अक्रमची मुलगी झारा शाळेच्या प्रेझेंटेशनची तयारी करत होती. विषय उत्तर अमेरिकेतले ह्युरॉन लोक.

“दादी, ह्युरॉन इज नॉट देअर ओन नेम,” ती म्हणाली. “फ्रेंच लोकांनी दिलं. सम से, त्यांचे केस रानडुकरासारखे ताठ दिसले म्हणून. सम से, त्याचा मीनिंग गावंढळ.”

“तोबा! दुसऱ्याच्या दारात जायचं आणि घरधन्यालाच डुक्कर म्हणायचं? मग ते स्वतःला काय म्हणायचे?”

“वेंडाट. मोस्टली सांगतात, बेटावर राहणारे. ऑर तिन्ही साइडला पाणी असतं ना, तिथले.”

मरियमबींचा हात पिठातच थांबला. “म्हणजे बेटकरच की!”

“अब्बा, वी आर वेंडाट!” झारा टेबलावर थाप मारून ओरडली.

अक्रमला हसू आवरेना. “अगं, पण कस्टमर...”

“कस्टमर काय हवं ते म्हणोत, मी ओ देईन. डुकरापेक्षा बॉम्बे बरं. पण पाटीवर माझं नाव मी सांगणार. आणि तू रे, अजमानात जन्मलास, तुझं कसलं बॉम्बे?”

अक्रमने फोन काढला आणि अर्जातलं नाव बदललं. “यल्ला, चला, बेटकर तर बेटकर.”

उद्घाटनाच्या सकाळी वरच्या मजल्यावरचा मल्याळी ड्रायव्हर पाटीखाली मान वर करून उभा राहिला.

“बॉम्बे आंटी, ये बेटकर कौन है?”

“मैं,” मरियमबी म्हणाल्या आणि त्याच्या हातावर गरम भाकरी ठेवली.