तात्यांचा लाल धागा

तात्या चौगुले मला पहिल्यांदा दिसले ते होडीत उताणे पडलेले. होडी राजाराम तलावाच्या काठावर, कोरड्यात होती. शीड चढवलेले होते आणि तात्या त्याच्याखाली पडून वर बघत होते. त्यांना चक्कर आली असावी असे वाटून मी वाकलो. ते न हलता म्हणाले, "पावणं, उजेड सोडा. पोट बघाय लागलोय."

पोट म्हणजे शिडाचा फुगवटा. तात्या मूळचे गडहिंग्लजकडचे. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते कोल्हापुरात शर्यतीच्या छोट्या होड्या चालवायला शिकवत. मी रविवारी तिथे शर्यतींच्या वेळा नोंदवायला जात असे. वारा मंद असेल तर शिडाला पोट हवे. वारा वाढला की ते आत घ्यायचे, नाहीतर होडी कलंडते. त्यासाठी शिडाच्या खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, एका दोरीने खाली खेचायचा. दोरी ताणली की डोलकाठी किंचित वाकते आणि शीड सपाट होते. तात्यांचे स्वतःचे पोट चांगलेच सुटलेले होते. कोणी तिकडे पाहिलेच तर म्हणत, "ह्ये वजन हाय. होडी दाबून धराय लागतंय."

प्रत्येक होडीच्या त्या दोरीवर त्यांनी लाल धागा बांधला होता. जोराच्या वाऱ्यात दोरी तिथवर खेचायची, पुढे नाही. पुढे गेले की शीड मरते, होडीला ओढ उरत नाही, असे त्यांचे मत होते आणि त्यावर चर्चा होत नसे.

त्यांची विद्यार्थिनी सायली राज्याच्या संघासाठी निवड चाचणीला उतरली, तेव्हा वयाच्या अटीमुळे ती तिची शेवटची संधी होती. शर्यती याच तलावावर दोन दिवस होत्या. पहिल्या दिवशी वारा वाढला. दोरी चार बोटे पुढे खेचू का, असे तिने विचारले. तात्यांनी नाही म्हटले. ती दोनदा उलटली आणि शेवटची आली.

तिने होडी काठाला लावली. तात्या तिचीच होडी घेऊन त्याच वाऱ्यात गेले. धागा तोच. होडी कलंडली नाही. परत येऊन त्यांनी शीड उतरवले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी हाय, सायली. धागा माझ्या वजनाचा हुता. तू माझ्या निम्मी बी न्हाईस."

त्यांनी चाकू घेतला आणि एकेका होडीवरचा धागा कापला. ज्याने त्याने आपला बांधावा, असे सांगितले. फक्त स्वतःच्या होडीवरचा तेवढा ठेवला. दुसऱ्या दिवशी सायलीने आपला धागा चार बोटे पुढे बांधला. त्या दिवशीच्या दोन्ही शर्यती तिने जिंकल्या. एकूण गुणांत ती तिसरी आली. संघात तिघींनाच जागा होती.

पुढे तात्या आजारी पडले आणि अंगाने पार उतरले. एका सकाळी ते तलावावर आले. कोणाला हात लावू न देता त्यांनी शीड चढवले, खाली पडून बराच वेळ पाहिले आणि अर्धा तास होडी फिरवली. वारा चांगला होता. त्यानंतर आठवडाभरात ते गेले.

त्यांच्या होडीवर ताडपत्री घालताना सायली थांबली. दोरीवरचा धागा नवा होता, जुन्याच्या खुणेपुढे बांधलेला. तिने बोटे लावून अंतर मोजले. चार भरली.