उशिरा पडणारा ठोका

माझा मोठा भाऊ गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्या हाताचा आवाज कुठेच भरून ठेवलेला नाही. माझ्या लग्नातले त्याचे दोन फोटो आहेत, मिलचं ओळखपत्र आहे, पण त्याचं ड्रम वाजवणं कोणी टेप केलं नाही. तरीही मागच्या उन्हाळ्यात, साकोलीच्या आमच्या घरात, सकाळी अकराच्या सुमाराला ते मी ऐकलं.

माझं माहेर आंधळगावचं. बाबा विणकर. पुढच्या खोलीत हातमाग होता, त्यामुळे ठोका कानावर पडल्याशिवाय आमच्या घरात दिवस उजाडत नसे. भाऊ तुमसरला राईस मिलमध्ये मशीनवर कामाला होता. तुमसरपलीकडे मँगनीजच्या एका खाणीचा जुना क्लब होता. तो बंद झाला तेव्हा भाऊ तिथली वायरिंग काढायला गेला आणि परत आला तो मिलच्या टेम्पोत ड्रमचा अख्खा सेट घालून. क्लबच्या म्हाताऱ्या राखणदारानं तो देऊन टाकला होता. "इथं उंदीर वाजवून राहिले, तू तरी वाजव," असं म्हणाला म्हणे.

सेट विलायती होता आणि भाऊपेक्षा वयानं मोठा. सगळ्यात मोठा ड्रम अंगणात उतरवला तेव्हा माय म्हणाली, "याच्यात तं पोतंभर धान मावते." ड्रमच्या अंगावरचं शिंपल्यासारखं आवरण पिवळं पडलं होतं. स्नेअर, म्हणजे पुढ्यातला चपटा ड्रम, पितळेचा, पण त्याच्या पोटाखालच्या तारा गेलेल्या. भाऊनं सायकलच्या ब्रेकची वायर उलगडून तिच्या तारा ताणून बसवल्या. पायानं मारायच्या पेडलचा पट्टा तुटला होता, तिथं बाबांनी मागाच्या कामातला चामड्याचा तुकडा शिवून दिला. एका झांजेला काठापासून चीर गेली होती आणि चिरीच्या टोकाला कोणीतरी बारीक भोक पाडलं होतं. भोक पाडलं की चीर पुढे सरकत नाही, असं भाऊनं मला दाखवलं.

ड्रमसोबत राखणदारानं एक कॅसेटही दिली होती. कव्हर नाही, चिठ्ठीवरची अक्षरं पुसलेली. इंग्रजी बँडची गाणी. वाजवणाऱ्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. भाऊ त्याला "उस्ताद" म्हणायचा.

आता मी केलेलं सांगते. ते ड्रम घरी यायच्या महिनाभर आधी, भाऊ ड्युटीवर असताना मी त्याचा टेप लावला होता. तेव्हा मी दहावीत होते. माझी सिनेमाची कॅसेट चालू असताना आतला, चाकं फिरवणारा रबरी पट्टा तुटला. त्या टेपला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला चालत नसे. मी घाबरून स्क्रू काढले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची एक गोल पट्टी कापून तुटलेल्या पट्ट्याच्या जागी बसवली. टेप चालू झाला. फक्त गाणारीचा आवाज जरा जाड यायला लागला, जशी ती झोपेतून उठून गात असावी. भाऊला फरक कळू नये म्हणून मी टेप बंद केला, घरात होत्या त्या सगळ्या माझ्याच कॅसेट पेटीत गोधड्यांखाली लपवल्या आणि मैत्रिणीला दिल्या म्हणून सांगितलं.

मग त्या टेपवर उस्तादाचीच कॅसेट लागत राहिली.

भाऊ सकाळची पाळी करून यायचा, जेवायचा आणि कॅसेट लावून तिच्यासोबत दुपारभर वाजवायचा. दोन वर्षं. त्यातलं एक गाणं तो पुन्हापुन्हा लावायचा, त्यातलं मी सगळं ओळखायला लागले. उस्ताद एकाच पायानं दोन ठोके इतके जवळ मारायचा की दुसरा पहिल्याच्या पोटातून निघाल्यासारखा वाटे. दोन्ही हात ड्रमवरून खाली येत आणि त्यांच्यामध्ये पाय मुकाट्यानं घुसून जाई. आणि स्नेअरवरचा मुख्य ठोका तो अगदी शेवटच्या क्षणाला मारायचा. आता चुकला, असं वाटावं आणि तेवढ्यात तो पडावा. मधे सगळी वाद्यं थांबत आणि तो एकटाच वाजवे. तिथं भाऊचे डोळे मिटलेले असत.

त्या जाड, खोल आवाजाशी आवाज जुळावा म्हणून भाऊनं ड्रमची कातडी सैल केली आणि मोठ्या ड्रममध्ये मायचं जुनं लुगडं कोंबलं. बाबा मागावरून हाक मारायचे, "तुया ठोका मांगून येते रे." भाऊ हसायचा. "मांगूनच येते, बाबा. उस्तादाचाही मांगूनच येते."

नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राला ड्रमवाला हवा होता. भाऊ पहाटेच्या बसनं गेला, नुसत्या काड्या घेऊन. त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत परतला. मी दारातच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, बाई," तो म्हणाला. "तिथं गाणं लवकर संपते."

बाबांजवळ तो थोडं जास्त बोलला. कोणतं गाणं येतं, असं ऑर्केस्ट्रावाल्यांनी विचारलं, त्यांच्याकडची त्याच गाण्याची कॅसेट लावली आणि तिच्यासोबत वाजवायला सांगितलं. पहिल्याच फेरीत तो मागे पडला. तिघा-चौघांनी खाली मान घातली. एकानं नीट बोलून सांगितलं की तुमचा हात जड आहे.

आठवड्याभरात ड्रम माळ्यावर गेले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, मी साकोलीला आले. लग्नात बँडवाल्यांनी भाऊला खूप आग्रह केला, त्यानं काडी हातात धरली नाही. दर भाऊबीजेला तो साकोलीला यायचा, साडी आणायचा, जेवून दुपारच्या बसनं परत जायचा. नागपूरनंतर चार वर्षांनी त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं.

मागच्या उन्हाळ्यात मुलीनं नवा स्पीकर आणला. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. तिनं काहीतरी इंग्रजी लावलं. थोडा वेळ मी लक्ष दिलं नाही, मग बोटं आपोआप थांबली.

"हे गाणं फास्ट काहून केलं तू?" मी विचारलं.

"मी काही नाही केलं, आई. हे असंच आहे."

"असं नाही आहे ते."

"तुला माहीत आहे हे गाणं?" तिला हसू आलं. मग तिनं फोनवर काहीतरी दाबलं. "घे, हळू करून देते."

आवाज जाड झाला. गाणारा झोपेतून उठल्यासारखा गाऊ लागला. सगळी वाद्यं थांबली आणि एकटा ड्रम सुरू झाला. पायाचे दोन जवळचे ठोके. हातांच्या मधून घुसणारा पाय. मग तो थांबला, आता चुकला असं वाटलं, आणि ठोका पडला. हा उस्ताद नव्हताच. उस्ताद तर चपळ होता, हलका होता, नुकताच मी त्याला ऐकलं होतं. हा जड हात जगात एकाच माणसाचा होता.

मुलगी म्हणाली, "आई, रडून राहिली का तू?"

मी रडत नव्हते. मी दाराकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी बसनं आंधळगावला गेले. बाबाही आता नाहीत, माग विकला गेला. माय एकटी ओसरीत सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं: पट्टा तुटला, मी ट्यूब कापून लावली, टेप हळू चालायचा, भाऊ दोन वर्षं हळू शिकला. तिला त्यातलं किती कळलं, माहीत नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"नागपूरवून आला ना थो," ती म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं टेप खोलला होता. इथंच, अंगणात. लय वेळ पाहत बसला. मी म्हटलं, बिघडला का रे? तं म्हणे, नाही, चांगला आहे. मंग जसाच्या तसा बंद केला."

म्हणजे त्याला कळलं होतं. सायकलच्या ट्यूबची ओबडधोबड कापलेली पट्टी त्यानं पाहिली होती आणि घरात ती कापणारं दुसरं कोण असणार? त्यानंतरच्या सगळ्या भाऊबिजा मी आठवू लागले. ओवाळताना त्यानं कधी वेगळं पाहिलं होतं का? एखादा शब्द अर्धवट सोडला होता का? मला काहीच सापडेना. तो माझ्या हातचं जेवला, मुलीला खांद्यावर घेतलं, बस चुकेल म्हणाला आणि गेला.

"मंग तुयावर रागावला होता का थो?" मायनं विचारलं.

"माहीत नाही, माय."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "लाव बरं ते गाणं."

मुलीनं माझ्या फोनमध्येही ते हळू करून ठेवलं होतं. मी फोन आमच्या दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला. माय मान खाली घालून ऐकत राहिली. ड्रम एकटा सुरू झाला तशी तिची मान वर आली. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि घरातलं साधं काम सांगावं तसं म्हणाली, "घामाघूम झाला असन. पाणी दे त्याले."

मी उठले. माठातून पेला भरला आणि गाणं संपेपर्यंत तो हातात धरून उभी राहिले.