तेरा स्टोनांचा नवस

आमच्या घरात हिशेबाला पक्का म्हणून माझंच नाव घेतलं जायचं. घेणारा बहुतेक वेळा मीच असायचो, ही गोष्ट वेगळी.

थोरल्या ताईचा मुलगा संदीप नोकरीसाठी इंग्लंडला गेला, तेव्हा ताई आमच्या गावच्या मारुतीला नवस बोलली: पोरगं सुखरूप परत आलं की त्याच्या भारंभार गूळ वाहीन, आणि तोवर गोड तोंडाला लावणार नाही. दोन वर्षं ती बिनसाखरेचा चहा पीत होती. (समोर बसणाऱ्यालाही तोच पाजत होती! मी तिच्याकडे जाणंच कमी केलं होतं.)

संदीपचं परतणं ठरलं आणि गूळ आणायचं काम मामा म्हणून माझ्याकडे आलं. तो विमानतळावरून थेट गावच्या देवळात येणार होता, तेव्हा गूळ त्याआधीच, मी राहतो त्या लातूरच्या आडतीवरून उचलायला हवा. फोनवर वजन विचारलं तर म्हणाला, तेरा स्टोन. तिकडची माणसं धान्य किलोत मोजतात आणि स्वतःला स्टोनात, म्हणे. किलोत सांगू का, असंही त्याने विचारलं. आता गणिताच्या मास्तराला भाचा किलो करून देणार! मी म्हणालो, राहू दे, मला येतं.

येतं म्हणजे, सोळा औंसांचा एक पौंड हे मला पाठ होतं. एका स्टोनाचे पौंड किती, ते मात्र आठवेना. काहीतरी अडनिडा आकडा होता खरा. पण एवढ्या वर्षांत इंग्रज सुधारले असतील असं समजून मी दहा धरले. एकशेतीस पौंड, म्हणजे साठ किलोला थोडं कमी. दहा-दहा किलोच्या सहा ढेपी! मोबाईल खिशातच होता, पण त्याला विचारणं कमीपणाचं वाटलं. पोरगं इतकं वाळलं का, म्हणून ताई हळहळली. हाताने रांधून खातो, दुसरं काय होणार, अशी मी तिची समजूत घातली. एखादी ढेप जास्तीची आण, असं ती म्हणाली, तेही मी मनावर घेतलं नाही.

ठरल्या दिवशी संदीप गाडीतून उतरला आणि मी ढेपी पुन्हा एकदा मोजल्या. व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा दिसायचा. त्याच्या खाली एवढा मुलूख पसरला असेल असं वाटलं नव्हतं.

देवळासमोर मोठा तराजू टांगला होता, गाव जमला होता. संदीप एका पारड्यात बसला, दुसऱ्यात मी ढेपी रचल्या. सहावी ठेवली तरी तो जमिनीवरच, मांडी घालून, निवांत! मी तराजूकडे संशयाने पाहिलं. संदीपने घड्याळ, पट्टा, मोबाईल उतरवून ठेवले. गावातल्या दुकानांत असेल नसेल तेवढा गूळ आणवला. पारडं जरासं हललं आणि पुन्हा टेकलं.

"मामा, एका स्टोनाचे किती पौंड धरलते?" संदीपने हळूच विचारलं.

"दहा."

"चौदा असतेत."

म्हणजे माझा गूळ बावीस-तेवीस किलो कमी पडला होता, हे मी तिथल्या तिथे तोंडी काढलं. (हिशेबाला मी पक्काच!) पण ताईचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांचा नवस भर गावासमोर अडला होता, आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "बाळू, लई हिशेब केलास. आता तूच चढ."

मी निमूटपणे ढेपींवर चढलो. माझं पारडं दाणकन खाली आलं, आणि संदीप जो वर गेला तो दांडीला डोकं लावून आला! नवस फिटला म्हणून गावाने टाळ्या वाजवल्या.

मी उतरू लागलो तसे पुजारीबुवा खाकरले. "ताई, पारड्यात चढलं ते देवाचं हाय. परत न्हाई नेता येत."

"हाव, ठेवून घ्या की," ताई म्हणाली, आणि स्वतःच्या चहात साखर घालायला निघून गेली.

तेव्हापासून दर शनिवारी लातूरहून जाऊन मी देऊळ झाडतो. त्याबद्दल तक्रार नाही. दुःख एवढंच, की त्या दिवशी प्रसाद वाटला तेव्हा गूळ बघता बघता संपला. मला मात्र कोणीच नेलं नाही. रांगेत माझी बायकोही होती. तिने गुळाचा खडा घेतला, माझ्याकडे एकवार नीट पाहिलं, आणि पुढे सरकली.