भुईगावच्या कुंपणाचे बावीस खांब

वाडीची वाटणी झाली त्या वर्षी मी चुलतभावाच्या आणि माझ्या हद्दीवर बावीस खांब उभे केले. जस्त चढवलेले जीआयचे पाइप, खाली काँक्रीट, वर काटेरी तार. तो म्हणायचा, मी हातभर त्याच्या जागेत शिरलोय. मी म्हणायचो, मोजून घे. मोजलं कुणीच नाही.

काँक्रीट ओतताना तो बांधावरून म्हणाला होता, "बुडाशी खळगा ठेवू नको रे. पानी साचेल, पाइप सडेल." मला शहाणपण शिकवू नकोस, असं मी त्याला सुनावलं. वाडीला रोज पाटाचं पाणी, तेही मचूळ. दर वर्षी गणपतीच्या आधी मी खांबांना हिरवा ऑइलपेंट मारायचो. बुडाशी रंगाला फुगे आले की त्यावरच आणखी एक हात. पाहुण्यांना मी ते खांब मुद्दाम दाखवायचो.

एका सकाळी चार खांब आडवे पडलेले दिसले, चारही काँक्रीटलगत तुटलेले. मी वाकून तुटका भाग बघायला हवा होता. पण माझं डोकंच फिरलं. त्यानेच कापले, दुसरं कोण कापणार?

तो त्याच्या केळींना पाणी लावत होता. तारेतला एक पाइप हिसकून काढला आणि मी त्याच्यावर धावलो. "मी नाय कापले," तो म्हणाला. मी पाइप हाणला. डोकं वाचवायला त्याने उजवा हात वर केला. पाइप वरच्या अंगाला चांगला टणक होता. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. दुसरा फटका मी खांद्यावर घातला.

तो मागे कोलमडला आणि आधाराला त्याने पाचवा खांब धरला. खांब बुडातून मोडून त्याच्यासकट खाली आला. तुटक्या तोंडातून लाल भुगा सांडला. हिरव्या रंगाच्या आत पापडाइतका पातळ पत्रा उरला होता.

मी सहाव्या खांबाला लाथ मारली. पडला. सातव्याला मारली. शिव्या देत, रडत मी शेवटपर्यंत लाथा मारत गेलो. मोडका हात पोटाशी धरून तो मातीतून ओरडत होता, "थांब, तार लागेल पायाला."

रिक्षाने मी त्याला पापडी गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "आंब्यावरून पडलो."

ते मनगट पुन्हा नीट वळलं नाही. त्याला झाडावर चढता येत नाही, म्हणून त्याचे आंबे आता मी उतरवतो. तो खाली डाव्या हाताने टोपली धरून उभा असतो. येणारा-जाणारा हाताचं विचारतो, आणि तो दर वेळी तेच सांगतो, आंब्यावरून पडलो. मी वर फांदीवर बसून ऐकतो.