माईक कुठं ठेवायचा?

घरात चांगले स्पीकर आणले की दोन गोष्टी आपोआप साठत जातात: वायरींवरची धूळ आणि किस्से. धूळ बायको झटकायला लावते, किस्से राहतात.

आमचं त्रिकूट बारामतीचं. मी, संजय आणि मिलिंद. तिघांचे स्पीकर वेगळे, पण मोजमापाचा माईक तिघांत मिळून एकच. भानगड सोपी आहे. आपण जिथं बसून ऐकतो तिथं, कानाच्या उंचीवर, हा माईक ठेवायचा. स्पीकर जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत एक लांबलचक 'ऊंऽऽऽईऽऽऽ' काढतो. भिंती आणि फरशी त्या आवाजाचं काय वाटोळं करतात ते मोबाईलमधलं ॲप ऐकतं आणि तेवढं दुरुस्त करून देतं. अट एकच, तोवर घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. आता आपल्याकडं असं घर कुठं असतं?

संजयला आणि मला नुसती हौस. मिलिंदचं तसं नव्हतं. त्याच्या आईनं तरुणपणी गावी, बावड्यात, जयंतीच्या गायन पार्टीत गाणी म्हटलेली. त्यातली एक कॅसेट सापडली, ती त्यानं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. गावच्या नव्या बंगल्यात लावली, तर फरशी-स्लॅबच्या हॉलमध्ये सगळं घुमायला लागलं. आई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "राहू दे बाळा, शब्दच कळंना," आणि आत गेली. आईला तिचा आवाज नीट ऐकवायचा, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं.

*

पहिलं मोजमाप संजयच्या गावच्या घरी, सुप्याला. त्याचे वडील, तात्या, सोसायटीपासून शाळेपर्यंत सगळ्या व्यासपीठांवर बसलेले. आम्ही श्वास रोखून कोपऱ्यात उभे. 'ऊंऽऽ' सुरू झालं आणि तात्या बाहेरून आले. समोर माईक! झालं! त्यांनी टोपी सारखी केली आणि माईकवर टिचकी मारली.

"हॅलो... हॅलो... मागं येतोय का आवाज?"

ॲपनं सांगितलं, खोली शांत नाही. संजय ओरडला, "तात्या, ह्यात बोलायचं न्हाय!"

तात्या दुखावले. "मग माईक मांडलाय कशाला?"

शेवटी आम्ही त्यांना रीतसर स्वागतपर भाषण करू दिलं, टाळ्याही वाजवल्या. मग मात्र शहाण्यासारखे गप्प बसले.

*

माझ्याकडं वेगळीच तऱ्हा. आवाज वर चढायला लागला, तोच शेजारचे अण्णा अनवाणी पळत आले आणि पोर्चमधला मेन स्विच खाली ओढला. सगळं घर बंद!

"मोटर जळत हुती की तुमची! वास न्हाय आला?"

माणूस आपल्यासाठी धावत आला होता. मी त्यांना चहा पाजला, शेजारी बसवलं आणि पुन्हा सुरू केलं. अण्णांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बेरिंग गेलंय."

*

भिंती फार मोकळ्या आहेत म्हणून संजयनं आपल्या बारामतीच्या घरातल्या हॉलमध्ये गोधड्या टांगल्या. आवाज खरंच सुधारला! पण संध्याकाळी इंदापूरहून पाहुणे आले. चहा पिताना सगळ्यांची नजर भिंतीवर वाळत घातल्यासारख्या गोधड्यांवर. त्यांच्यातल्या मावशींनी शेवटी संजयच्या बायकोला, आमच्या वहिनीला, हळूच विचारलं, "बारकं कोण हाय गं घरात?"

वहिनी म्हणाली, "हाय की. आता रिटायर व्हायला आलंय."

*

मग आम्ही बावड्याला गेलो. मिलिंदनं जय्यत तयारी केली होती. जाड पडदे लावले, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं. तात्यांना अर्थातच नेलं नाही. सोफ्याच्या बरोबर मध्ये माईक ठेवला. आत आई भाकऱ्या थापत होती. "ये की आई, सोफ्यावर बस," असं मिलिंदनं किती विनवलं. "तुमचं चालू द्या," एवढंच उत्तर.

मिलिंदचे वडील, आबा, मुळात कमी बोलणारे. ते उठले, स्टँडसकट माईक उचलला, स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवला आणि दांडी आईच्या कानाएवढी वर केली.

मिलिंद म्हणाला, "आबा, माणूस ऐकायला बसतंय तितं ठेवायचा आसतोय."

"व्हय. पर ती कवा बसलीया?"

आईनं जरा वेळ हात थांबवला आणि मिलिंदनं माप दारातलंच घेतलं. मग गाणं लावलं. सोफ्यावर आम्हाला ते धड वाटेना. पण आतली भाकरीची थाप थांबली ती थांबलीच. पिठाच्या हातानं आई दारात आली, चौकटीला टेकली. एक ओळ गेली, दुसरी गेली.

"आगं बया, ह्यो तर माझाच आवाज!"

आणि तिसरी ओळ तिनं स्वतःच उचलली.

नंतर एकदा सहज बावड्याला गेलो. सोफ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर. स्वयंपाकघराच्या दारात दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. एकीवर आबा, दुसरीवर आई मेथी निवडत बसलेली. गाणं चालू होतं. मी सोफ्यावर टेकलो आणि आमच्या सवयीप्रमाणं म्हणालो, "आबा, इथं आवाज तिरका येतोय. सोफ्याचं माप घेऊ का परत?"

आबांनी मानसुद्धा वळवली नाही.

"सोफा पाव्हण्यास्नी हाय. गाणं हितं हाय."