चौथा भाग येऊन राहिला

त्या दुपारी मी सौंसरच्या शाळेत, स्टाफरूममध्ये नववीच्या गणिताच्या वह्या तपासत होते. फोन पर्समध्ये, आवाज बंद. मधल्या सुट्टीत बाहेर काढला तर दादाचे सात मिस कॉल. दादा पांढुर्ण्याला राहतो आणि आई त्याच्याकडे असते. व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई मस्त आहे. भाजी निवडून राहिली. ऐक ना वं, आला!"

"कोण आला?"

"चौथा भाग! चौथा भाग येऊन राहिला! आज ट्रेलर पडला!"

मी तिथल्या खांबाला टेकून उभी राहिले. नऊ वर्षं आम्ही या बातमीची वाट पाहत होतो. मध्ये दोनदा खोट्या अफवा आल्या, एकदा तर मालिका कायमची बंद झाली असंच सगळे म्हणाले.

"तू पाहिला?"

"तुले सोडून कसा पाहू? रविवारी ये. आणि तूही पाहू नको तोवर. शपथ घे."

मी छत्तीस वर्षांची मास्तरीण, तो चाळिशी ओलांडलेला, मोटार वाइंडिंगच्या दुकानाचा मालक. तरी मी व्हरांड्यात उभी राहून गंभीरपणे शपथ घेतली.

हा एक कॉम्प्युटर गेम. आमच्या घरात त्याला नदीवाला गेम म्हणतात. नाव आईनं दिलेलं. त्यात नकाशे काढणारी एक बाई असते. ती नदीच्या काठाकाठानं गावोगाव जाते, माणसांना भेटते, त्यांची कामं करते आणि नकाशा पूर्ण करत पुढे सरकते. तिला इकडून तिकडे नेणारा एक म्हातारा नावाडी आहे. मी कॉलेजात असताना दादानं सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला, तेव्हापासून आम्ही दोघं तो खेळत आलो. आई मागे खाटेवर बसून शेंगा सोलायची. तिनं कधी एक बटण दाबलं नाही, पण तिन्ही भाग तिनं आमच्याइतकेच पाहिलेत. तिसऱ्या भागाच्या शेवटी नदीला पूर येतो, बाई या काठावर राहते, नावाडी त्या काठावर. त्याचा कंदील विझतो आणि पडदा काळा होतो. त्या दिवशी आई दादावर चिडली होती, जणू कंदील त्यानंच विझवला.

शपथ पाळणं सोपं नव्हतं. फोनचं इंटरनेट मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी, जिच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याच खेळातली चित्रं असतात, उभी राहिली. "मॅडम, तुम्ही ट्रेलर पाहिला का? त्यात ना ती..."

"बस खाली!" मी एवढ्या जोरात म्हणाले की सगळा वर्ग दचकला. नंतर तिला बाजूला बोलावून कारण सांगितलं. ती हसली आणि तोंडावर बोट ठेवून गेली.

रविवारी सकाळच्या बसमध्ये शेजारी एक काका बसले. पिशवीत संत्री, हातात फोन. ते एकेक व्हिडिओ सरकवत होते आणि अचानक मला ती बासरी ऐकू आली. नदीवाल्या गेमची बासरी! मी दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे मिटले.

"काका, बंद करा ना, प्लीज."

"डोकं दुखून राहिलं का, बाई?" त्यांनी लगेच फोन खिशात घातला आणि संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. खरं कारण सांगायला मला लाज वाटली. मी संत्रं खाल्लं.

घरी दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. वहिनी म्हणाली, "पोरगी पाहाले निघाल्यासारखा तयार झाला सकाळपासून." आईनं चष्मा पुसला. दादानं ट्रेलर लावला.

पहिले काही क्षण बासरी, धुकं, पाणी. मग एकदम ढोल सुरू झाले. नदीवर मोठं धरण दिसलं, काठावर उंच बुरुजांचं शहर. नकाशेवाली बाई कुठेच नाही. तिच्याऐवजी एक तरणी पोरगी धनुष्य घेऊन शिपायांच्या मागे धावत होती. दोन मिनिटांत संपलं.

दादाचं तोंड उतरलं. "मारामारीचा करून टाकला. हा आपला गेम नाही."

"दोन मिनिटांवरून काय ठरवतोस? पाणी पाहिलं का कसं दाखवलंय?"

"पाणी घेऊन काय करू? गोष्ट लिहिणारी बाई सोडून गेली म्हणतात. आता हे असंच होणार. बाण मारा, पळा, बाण मारा."

माझ्याही मनात तीच भीती होती. एवढी वर्षं जपलेली गोष्ट कुणीतरी दुसऱ्यानं हातात घ्यायची आणि तिला भलतंच वळण द्यायचं. यापेक्षा ती अर्धवट राहिलेली बरी, असं क्षणभर वाटून गेलं.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. ती पोरगी धक्क्यावरून पळत येते आणि उलट्या पडलेल्या एका नावेवरून उडी मारते, तिथे आई ओरडली, "थांबव! तो डोंगा पाहा."

"कोणता डोंगा?"

"तो पालथा पडला तो. त्याले निळी फळी ठोकली हाय. आपणच तर देल्ली होती!"

दादानं चित्र मोठं केलं. काळ्या पडलेल्या नावेच्या बुडाला खरंच एक निळसर फळी होती, चार खिळे मारलेली.

दुसऱ्या भागात नावाड्याची नाव खडकावर फुटते. तेव्हा नकाशेवाल्या बाईकडे एकच लाकूड असतं, तिची नकाशे काढायची निळी फळी. ती दिली तर नाव दुरुस्त होते, पण मग त्या भागात पुढे नकाशा काढता येत नाही. दादा म्हणाला होता, "देऊ नको, आपण भटकत राहू." आई मागून म्हणाली होती, "दे त्याले. डोंगा हाय तं त्याचं पोट हाय." दादानं कुरकुरत दिली आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही नकाशाशिवाय चुकत राहिलो. पुष्कळ खेळणाऱ्यांनी ती दिलीच नव्हती. त्यांच्या गोष्टीत तो म्हातारा पुढे पायीच चालला.

"म्हणजे ज्यांनी फळी दिली, त्यांचं गेम बनवणाऱ्यांनी खरं धरलं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "दादा, आपलं खरं धरलं!"

"आईचं खरं धरलं," दादा म्हणाला, आणि उठून त्यानं आईचे दोन्ही हात धरले. वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिला काही कळेना, तरी ती हसत होती.

त्याच दुपारी मी त्या नावेचा फोटो या खेळाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला. लिहिलं, माझ्या आईनं शोधलं, ती कधीच खेळलेली नाही. संध्याकाळी सौंसरला पोचेपर्यंत फोन तापला होता. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लिहीत होती. एका बाईनं लिहिलं की तिनं ऑफिसात बसून रडून घेतलं. काही जण भांडायला उठले. म्हणे, मग आम्ही खेळलो ते खोटं का? कुणी म्हणे, उजेडामुळे निळं दिसतं, उगाच नाचू नका. दादा दुकानात बसून एकेकाला उत्तरं देत होता. पंपाची जळालेली मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला त्यानं "पाच मिनिटं" म्हणून तासभर बसवलं. शेवटी त्या भल्या माणसानंच विचारलं, "कोणाची जमीन गेली का, भाऊ? एवढं काय लिहून राहिला?"

आई रोज फोनवर विचारायची, "आज काय म्हणून राहिले लोक?" मी वाचून दाखवायची. तिच्या आवाजात नवीच ऐट आली होती. शेजारणींनाही तिनं डोंग्याची गोष्ट सांगितली.

महिनाभरानं खेळ बनवणाऱ्यांनी एका व्हिडिओत चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. कुणीतरी नावेबद्दल विचारलं. चित्रं काढणारा तरुण हसला आणि म्हणाला की ती फळी मुद्दाम ठेवली आहे. दादानं फोनवर एवढी आरोळी ठोकली की मी फोन कानापासून लांब धरला. पण नावाडी जिवंत आहे का, यावर तो तरुण काहीच बोलला नाही. आईला ते अजिबात आवडलं नाही. "सरळ सांगाले काय जाते त्याचं? डोंगा पालथा, अन् माणूस कुठं?"

त्यानंतर खेळ पुढच्या वर्षावर ढकलल्याची बातमी आली. दादा दोन दिवस नीट जेवला नाही. मला मात्र बरं वाटलं. घाईनं काढून बिघडवण्यापेक्षा त्यांनी वेळ घ्यावा. ढोलांची भीती अजून आहे. ती धनुष्यवाली पोरगी कोण, हेही माहीत नाही. दादा म्हणतो शत्रू, मी म्हणते नकाशेवालीची मुलगी, आणि आई म्हणते, कोणीही असो, तिनं आधी तो डोंगा सरळ करावा.

आता दर रविवारी मी पांढुर्ण्याला जाते आणि आम्ही पहिल्या भागापासून पुन्हा खेळतो. आईनं यावेळी स्वतः कंट्रोलर हातात घेतलाय. नकाशेवाली बाई वारंवार नदीत पडते, दादा कपाळावर हात मारतो. चौथा भाग ज्या आठवड्यात येईल, त्या आठवड्याच्या रजेचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, तारखेची जागा तेवढी रिकामी आहे. कारण म्हणून 'घरगुती काम' लिहिलं आहे.