डिस्क सफाईला लावलेला पासवर्ड

डिस्क साफ करणाऱ्या प्रोग्रामला मी पासवर्ड लावत होतो आणि नववीतली प्रणाली मागे उभी होती.

"मले काऊन बंद करून राह्यले, सर? तुम्हीच तं शिकवलं."

खरं होतं. आमच्या हिंगणघाटच्या शाळेतले आठही कॉम्प्युटर दर गुरुवारी तीच साफ करते. आज सफाई अर्ध्यावर असताना वीज गेली आणि एक कॉम्प्युटर पुन्हा सुरूच झाला नाही. भारनियमनाच्या बदललेल्या वेळेची नोटीस स्टाफरूममध्ये लागली होती. तिला सांगायचं मी विसरलो.

मुख्याध्यापक म्हणाले, "पोट्ट्यायच्या हाती देताच काऊन? बंद करा." मी मान डोलावली. चूक माझी, हे बोललो नाही.

प्रणाली हळूच म्हणाली, "घरी नका सांगू, सर. बाबा म्हणतीन, मोडून आली ना? बस आता भाजीच्या दुकानात."

या ग्रुपमध्ये बरेच शिक्षक आहेत. तुम्ही तिथेच बोलला असता का?

दुसऱ्या दिवशी सकाळी: प्रार्थनेआधी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "करू द्या तिले. पण बाजूले तुम्ही बसत जा."